एक बोट की तीन बोटं

मिलिंद,

परवा तुझ्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात मी बोललो. या विज्याच्या हातात माइक आला की लवकर सुटत नाही, हे तुला ठाऊकच आहे. आजऱ्याहून तुझ्या शाळेतली माणसं गाडी करून आली होती, गडमुडशिंगीतली तुमची अख्खी गल्ली होती, आपल्या जुन्या टीममधले सहा जण होते. वंदना झाली. तू कधी जन्मलास, कुठं शिकलास, किती वर्षं नोकरी केलीस, हे सांगणारे सांगून बसले. मग मी उठलो आणि फायनलची गोष्ट सांगितली. नेहमीचीच, दोन ठिकाणी थोडी फुगवून. लोक हसले. आपल्या शिवाने तर शिट्टी मारायला बोटं तोंडात घातली आणि आपण कुठं बसलोय ते आठवून गुपचूप खाली घेतली.

गोष्टीच्या शेवटी मी एक काम केलं जे बारा वर्षांत कधी केलं नव्हतं. मी सगळ्यांसमोर सांगितलं की तीन बोटं होती. मिलिंद खरा होता आणि मी खोटा. म्हटलं, आता याच्याशी काय भांडायचं, एवढं तरी त्याला देऊन टाकू.

आपलं ते भांडण कुठं कुठं झालंय रे. लग्नाच्या पंगतीत झालं, एसटी स्टँडवर झालं, तू दरवर्षी ओले काजू घेऊन यायचास तेव्हा ते सोलता सोलता आमच्या स्वयंपाकघरात झालं. फायनलच्या शेवटच्या बॉलला तू मला कोणती खूण केलीस? बेसबॉलमध्ये कॅचर बॅटरच्या मागं खाली बसतो, दोन्ही मांड्यांच्या मधे हात धरतो आणि बोटांनी समोरून बॉल टाकणाऱ्या पिचरला सांगतो कोणता बॉल टाक. आपल्यात एक बोट म्हणजे फास्ट, तीन म्हणजे स्लो. मी म्हणायचो एक दाखवलंस, तू म्हणायचास तीन दाखवली. मैदान माणसांनी भरलं होतं, पण ती खूण एकट्या पिचरला दिसावी अशीच केलेली असते. त्यामुळं साक्षीदार कोणी नाही. एवढ्याशासाठी बारा वर्षं भांडतात का, असं सुजाता वहिनी दर वेळी म्हणायच्या. त्याला सगळं पहिल्यापासून सांगावं लागतं. तुला माहीत असलेलंच पुन्हा सांगतो, मधे बोलू नकोस.

तू गेलास कसा, डॉक्टर काय म्हणाले, ते इथं लिहीत नाही. तेहतीस वर्षांच्या माणसाबद्दल ते लिहायचं म्हटलं की मला राग येतो, आणि आज मला रागवायचं नाही.

मी या खेळात आलो तो क्रिकेटमधून हाकलून दिल्यामुळं. माझा हात कोपरात वाकायचा. गल्लीतली पोरं म्हणायची, हा बोलिंग करत नाही, दगड मारतोय. कॉलेजच्या टीममधनंही दुसऱ्या दिवशी बाहेर काढलं. तेव्हा पोवार सर झाडाखाली बसून ते बघत होते. जवळ बोलावून म्हणाले, फेकतोसच तर फेकायच्या खेळात ये की. कॉलेजात बेसबॉलची टीम आहे हे तोवर मला माहीत नव्हतं. टीममधल्याही निम्म्या जणांना ते नुकतंच कळलं होतं.

तू फुटबॉलचा गोलकीपर होतास. मुडशिंगीवरून सायकल मारत यायचास. सरांनी तुला कॅचर केलं, कारण बॉल अंगावर येताना डोळे न मिटणारा टीममध्ये तू एकटा होतास. पहिल्या दिवशी मी तुला तीन बॉल टाकले. एक तुझ्या डोक्यावरून गेला, दुसरा मातीत आपटला आणि तिसरा तुझ्या खांद्याला लागला. तू खांदा चोळत उठलास, माझ्याजवळ आलास आणि अगदी शांतपणे विचारलंस, "पावणं, कुणावर राग हाय?" त्या दिवसापासून आठ दिवस मी तुझ्याशी बोललो नाही.

मास्क कॉलेजकडे नव्हता. तुझे वडील एमआयडीसीतल्या फाउंड्रीत होते. त्यांनी सळ्या वाकवून, वेल्डिंग करून तुला एक जाळी करून दिली. काय वजन होतं तिचं. ती चढवून तू बसलास की बॅटर आधी तुझ्याकडंच बघत राहायचे.

माझ्यात वेग होता, हे तूही मान्य करायचास. सगळ्या जिल्ह्यात तसा हात नव्हता. पण बॉल कुठं जाईल ते मला ठाऊक नसायचं. बॅटरच्या गुडघ्यापासून छातीपर्यंतच्या पट्ट्यात, समोर जमिनीत बसवलेल्या प्लेटवरून बॉल गेला तर स्ट्राइक. चार बॉल त्याच्या बाहेर गेले तर बॅटर बॅट न लावता चालत पहिल्या बेसवर जातो. त्याला आपण वॉक म्हणायचो. मी एका एका इनिंगला तीन-तीन वॉक द्यायचो. बॅटर बॅट खांद्यावर टाकून वाट बघत उभे राहायचे. एकाने तर मला जाता जाता थँक्यू म्हटलं होतं.

आणि खोड माझ्या हातात नव्हती, घराण्यात होती. माझे वडील, आबा, त्यांच्या काळातले नावाजलेले पैलवान. मी मातीत उतरलो नाही याचं त्यांना दुःख, पण मन मात्र माझं तालमीतच वाढलेलं. कुस्ती म्हणजे निकाली. पाठ टेकली तर जिंकली, नाहीतर ती काय कुस्ती झाली? मला बॅटर तीन स्ट्राइकवर उभ्या उभ्या आऊट करायचा असायचा. त्याने बॅट लावली, बॉल घरंगळत गेला, आपल्या पोरानं उचलून त्याला बेसवर आऊट केलं, तर मला ती बरोबरीत सुटलेली कुस्ती वाटायची. आमच्या पेठेतली पोरंही तशीच. स्ट्राइकवर आऊट झाला की शिट्ट्या, बेसवर आऊट झाला की गप्प.

यावर तू माझ्याशी किती बोललास. जोतिबाचा डोंगर पळत चढायला लावायचे सर, तेव्हाही धापा टाकत बोलायचास. मारू दे की त्याला, म्हणायचास. वाईट बॉल दे, बॅटच्या बुडख्यावर लागंल असा दे, मारू दे, मागं पोरं उभी केल्यात ती कशाला? मी म्हणायचो, पोरांनी झेलला तर माझं काय राहिलं त्यात? तू म्हणायचास, तुझं काय राहायचं हाय, मॅच राहती की. आणि वर पोहोचल्यावर मी तुझ्यावर गुलाल फेकून विषय बंद करायचो. तो गुलाल मात्र नेमका तुझ्या तोंडावरच जायचा, हे तू सरांना सांगितलंस आणि सरांनी त्यावर मला शंभर जोर काढायला लावले.

मग बुजगावण्याचा महिना आला. त्याबद्दल मी परवा कार्यक्रमात बोललो नाही, कारण ते ऐकून लोकांना वाटेल आपण दोघं वेडे होतो. विमानतळाच्या कुंपणाकडेला तुमच्या गावचा माळ. विमान क्वचित कधीतरी यायचं, त्यामुळं जागा आपलीच. तिथं रविवारी तू मला बोलवायचास. तुझ्या लक्षात आलं होतं की समोर बॅटर नसला की माझे दहापैकी आठ बॉल तुझ्या ग्लोव्हमध्ये येतात. बॅटर उभा राहिला की सगळं बिघडतं. टीममधला कोणी सरावाला माझ्यासमोर उभा राहायला तयार नव्हता आणि त्यांचं बरोबर होतं. तेव्हा तू काकांच्या शाळवातलं बुजगावणं सायकलच्या कॅरिअरला बांधून घेऊन आलास आणि प्लेटच्या कडेला रोवलंस. डोक्याला मडकं, मडक्यावर चुन्यानं काढलेले डोळे.

पहिल्याच बॉलला मी मडकं फोडलं. तू दुसरं आणलंस. तेही फुटलं. तिसऱ्या मडक्यावरचे डोळे तू पुसून टाकलेस. कोरं मडकं. मी दहा बॉल टाकले आणि नऊ तुझ्याकडे आले. मग तू कोळशानं पुन्हा डोळे काढलेस आणि माझा बॉल पुन्हा मडक्याच्या कानावरून गेला. मला काही कळेना. तू जाळी काढून जमिनीवर ठेवलीस, माझ्याकडे चालत आलास आणि म्हणालास, "विज्या, तीन महिनं झालं मी तुज्यासमोर बसतोय. तू एकदा बी माज्याकडं बघितलं न्हाईस."

खरं होतं. लहानपणापासून आबांनी हेच शिकवलं होतं, जोडीच्या डोळ्यांतून नजर काढायची नाही. जो आधी नजर काढतो तो आधी पडतो. मी बॉल हातात घेतला की बॅटरच्या डोळ्यांत बघायचो आणि बॉल सुटेपर्यंत नजर हलवायचो नाही. मग बॉल तिकडंच जाणार की. सरांना हे दिसलं नाही, कारण ते बाजूला उभे असायचे. बॅटरला दिसायचं, पण तो घाबरलेला असायचा. दिसलं ते तुला, कारण त्या जाळीतून तू माझ्या नजरेची वाट बघत होतास. हे कोल्हापूरच्या पैलवानाच्या पोरालाच जमलं असतं, मिलिंद, बॉल एकाला द्यायचा आणि बघायचं दुसऱ्याकडे.

ती सवय सोडायला मला पावसाळाभर लागला. तुझ्याकडे बघताना सुरुवातीला मला लाजल्यासारखं व्हायचं. तू जाळीमागनं तोंडं वेडीवाकडी करायचास. हसू आवरत बॉल टाकायला शिकलो मी.

वॉक कमी झाले, पण थांबले नाहीत, कारण निकालीचं खूळ गेलं नव्हतं. मग तू स्लो बॉल आणलास. दुधाचा ग्लास धरतात तसा बॉल तळहातात खोल धरायचा, हात त्याच वेगानं फिरवायचा, बॉल मात्र उशिरा येतो आणि बॅटर आधीच बॅट फिरवून बसतो किंवा कशीबशी बॅट टेकवतो. मी म्हटलं ही फसवाफसवी आहे, मी असलं टाकणार नाही. तू आमच्या दूध कट्ट्यावर आलास. आबा म्हशीची धार काढत होते. तू त्यांनाच विचारलंस, आबा, कुस्तीत ढाक मारायच्या आधी हूल देत होता की न्हाई? आबांनी धार न थांबवता सांगितलं, "हूल न्हाई दिली तर ढाक बसती व्हय? ह्येला काय कळतंय." आणि तुझ्या हातात फेसाळ ग्लास दिला. मला दिला नाही.

तरीही मी मैदानात तीन बोटांना मान हलवत राहिलो. तू तीन दाखवायचास, मी नकार द्यायचो, तू पुन्हा दाखवायचास, मी पुन्हा नकार द्यायचो, शेवटी कंटाळून तू एक दाखवायचास. पोवार सर सगळं बघत होते. आंतरजिल्हा फायनलच्या आदल्या दिवशी त्यांनी आपल्याला दोघांना बोलावलं. मला म्हणाले, उद्या पाचवा वॉक गेला की तू बाहेर. लेफ्ट फील्डला जाऊन उभं राहायचं आणि पुन्हा माझ्या टीममध्ये पिचरच्या जागेवर पाय ठेवायचा नाही. मी म्हटलं, चालेल सर. चालणार नव्हतं. दुसरं मला काही येत नव्हतं. अभ्यासात मी यथातथाच होतो, मातीत उतरलो नव्हतो, क्रिकेटनं मला सोडलं होतं. परत येताना तू सायकल हातात धरून माझ्याबरोबर चालत होतास आणि मुडशिंगीची वाट उलट्या दिशेला होती. मला तेव्हा फार बरं वाटलं.

फायनल आपल्याच गावात होती. आबा पहिल्यांदा बघायला आले, पटका बांधून, कुस्तीच्या मैदानाला येतात तसे. पेठेतली पोरं, तुझे वडील, फाउंड्रीतले त्यांचे दोन सोबती. समोरचा संघ शेजारच्या जिल्ह्याचा, दोन वर्षं न हरलेला. मी चांगला टाकत होतो. तू सांगशील ते निम्मं ऐकत होतो, जे तोवरच्या मानानं खूप होतं. शेवटच्या इनिंगला आपण एका रनानं पुढं होतो. मग एकानं हिट मारली, एकाचा झेल सुटला, एक आऊट झाला आणि एकाला माझा वॉक गेला. तो चौथा. तिन्ही बेस भरले. बॅटिंगला त्यांचा कॅप्टन आला, दाढीवाला, त्यानं मला आधी एकदा लांब मारला होता.

तीन बॉल बाहेर गेले आणि दोन स्ट्राइक झाले. म्हणजे पुढचा बाहेर गेला तर त्याचा वॉक, त्यांना रन, मॅच बरोबरीत आणि माझा पाचवा. सरांनी लेफ्ट फील्डच्या पोराला हात करून तयार राहायला सांगितलेलं मी डोळ्यांनी बघितलं. तू तीन बोटं दाखवलीस. मी मान हलवली. तू पुन्हा तीन दाखवलीस. मी पुन्हा मान हलवली. तेव्हा तू अंपायरला थांबवून जाळी काढलीस आणि माझ्याकडे आलास.

तू तिथं मला काय म्हणालास, हे लोक अजून विचारतात. आपण ठरवून सांगत आलो की तू म्हणालास, म्हशींच्या धारांची वेळ झाली, आटप लवकर. परवाही मी तेच सांगितलं. खरं आज लिहितो. तू म्हणालास, मागं बघ. मी वळून बघितलं. शिवा फर्स्ट बेसवर पाय रोवून उभा होता, बाकीचे आपापल्या जागी वाकून, तोंडं धुळीनं पांढरी झालेली. तू म्हणालास, सकाळपासनं ही सात जणं तुज्यासाठी हुबी हाईत. त्यांच्यावर इस्वास न्हाई व्हय तुजा? मी म्हटलं, हाय, पर ह्यो माझा हाय. "मग टाक," म्हणालास, आणि परत गेलास.

जाळी चढवलीस, बसलास. आणि एक बोट दाखवलंस.

मिलिंद, त्या एका बोटानं माझं काय झालं ते मी तुला कधी नीट सांगितलं नाही. वर्षभर मी तुझ्याशी झटत होतो. तू रेटायचास म्हणून मी रेटायचो. समोरच्यानं अचानक जोर काढून घेतला की आपणच पुढं झोकांडतो, तसं झालं. तू हरायला तयार झाला होतास. माझ्यासाठी, माझ्या हट्टासाठी, सगळ्यांसमोर. आणि मला पहिल्यांदा वाटलं की याला हरू द्यायचं नाही. बॉल ग्लोव्हमध्ये होता, तिथल्या तिथं मी बोटं सरकवली आणि तो तळहातात खोल धरला. दाढीवाल्याकडे बघितलंच नाही. तुझ्याकडे बघितलं आणि स्लो टाकला.

त्याची बॅट लवकर आली. बॉलच्या माथ्यावर लागली. बॉल दोनदा जमिनीवर उडून सरळ माझ्याकडे आला. मागच्या सातांकडे जायचा तो माझ्याच पोटात आला. तिन्ही बेस भरलेले, म्हणजे आधी तुझ्याकडं टाकायचा. तू जाळी भिरकावून होम प्लेटवर उभा होतास, तोंड उघडं, ग्लोव्ह छातीशी. मधे बॅटर नव्हता, तो पळत सुटला होता. तुझ्याकडे इतका सरळ बॉल मी त्याआधी कधी टाकला नव्हता. तू ग्लोव्ह हलवलाही नाहीस. पाय प्लेटवरच होता, तिसऱ्या बेसवरून पळत येणारा पोचायच्या आत एक आऊट. त्याच हिसक्यात तू पळणाऱ्याच्या खांद्यावरून शिवाकडं बॉल फेकलास आणि शिवा जेवढा लांब होता त्याहून दीड हात लांब झाला. दोन आऊट, आधीचा धरून तीन, डाव खलास. मॅच संपली, मिलिंद. आपण जिंकलो, आणि मी पिचर राहिलो.

लोक मैदानात घुसले. आबा आले ते माझ्याकडे नाही, तुझ्याकडे. डोक्याचा पटका काढून त्यांनी तुझ्या डोक्याला बांधला आणि तुला खांद्यावर घेतलं, त्या वयात, त्या गुडघ्यांनी. वरून तुझी तारांबळ उडालेली. आबा सगळ्या पेठेला ओरडून सांगत होते, "निकाली! ह्येला म्हंत्यात निकाली!" तुझे वडील बाजूला उभे राहून डोळे पुसत होते आणि त्यांचा एक सोबती ती जाळी हातात घेऊन वेल्ड कुठं निघालंय का बघत होता. आयुष्यात मी त्यानंतर बऱ्याच गोष्टी जिंकलो. तसं जिंकलो नाही.

संध्याकाळी कट्ट्यावर आबांनी अख्ख्या टीमला दूध पाजलं. तिथं मी तुला विचारलं, एक का दाखवलंस? तू ओठावरचा फेस पुसत म्हणालास, एक कुठलं? तीन दाखवली व्हती. मी हसलो. तू हसला नाहीस. ऊन तिरपं होतं म्हणालास, माझ्या डोळ्यांत घाम होता म्हणालास. मी चिडलो, आबांकडं गेलो, आबा म्हणाले मला कसं दिसणार. दुसऱ्या दिवशीही तू तेच. इतक्या ठामपणे की माझाच माझ्या डोळ्यांवरचा भरवसा उडाला. म्हटलं, असेल. मला एक दिसलं असेल आणि हा तीनच दाखवत असेल. म्हणजे मी न बघताही याचंच ऐकलं आणि जिंकलो. मग मुद्दाम कशाला झगडायचं? वाद मी सोडला नाही, तोंडाने मी एकच म्हणत राहिलो. मैदानात मात्र मी पुढची चार वर्षं तुझ्या बोटांना एकदाही मान हलवून नकार दिला नाही. राज्याच्या टीममध्ये दोघं गेलो, नॅशनलला दोघं खेळलो, त्या सर्टिफिकेटांवर तुला शाळा मिळाली आणि मला ऑफिस. सर लोकांना सांगायचे, हा पोरगा सुईत दोरा ओवावा तसा बॉल टाकतो. तुझे जुने खांदे यावर काय म्हणत असतील ते म्हणोत.

आता परवाचं सांगतो. कार्यक्रम संपला, लोक जेवायला बसले. सुजाता वहिनींनी मला आतल्या खोलीत बोलावलं. मला वाटलं काही कागदपत्रांचं असेल. त्या खूप रडलेल्या दिसत होत्या, पण चेहऱ्यावर काहीतरी वेगळं होतं. म्हणाल्या, भावजी, तुम्ही आज खोटं का बोललात? मी म्हटलं, काय खोटं? त्या म्हणाल्या, तीन बोटांचं.

मी त्यांना समजावू लागलो, जाऊ द्या वहिनी, त्याला बरं वाटलं असतं. त्यांनी मला थांबवलं. म्हणाल्या, लग्नाच्या पहिल्याच वर्षी मी ह्यांना विचारलं होतं, खरं काय ते मला तरी सांगा. तेव्हा हे म्हणाले, "एकच बोट व्हतं. पर विज्याला कबूल करायचं न्हाई. त्याला कळलं की माजं न ऐकता जिंकला, तर जल्मात माजं ऐकायचा न्हाई." आणि मला शपथ घातली. तुम्ही दोघं स्वयंपाकघरात भांडायचात तेव्हा मी तोंडाला पदर लावून बाहेर जायची ते रागानं नव्हे.

मी हसायला लागलो, मिलिंद. तुझ्या पुण्यानुमोदनाला, तुझ्या घरात, तुझ्या तसबिरीला घातलेली फुलं अजून ताजी असताना, मी भिंतीला टेकून पोट धरून हसलो. वहिनीही हसल्या आणि हसता हसता आम्ही दोघंही रडलो. तुझी आई काय झालं म्हणून दारात आली. तिला वहिनींनी सांगितलं, तर ती म्हणाली, लहानपणापासनंच तसा हाय त्यो.

म्हणजे बारा वर्षं मी बरोबर होतो. माझे डोळे बरोबर होते. आणि ज्या दिवशी मी हार कबूल केली, त्याच दिवशी मला कळलं की मी जिंकलोय. तू असतास तर या घडीला मी मुडशिंगीला येऊन तुझ्या दारात आरडाओरडा केला असता, आख्ख्या गल्लीला गोळा केलं असतं.

लबाडा, चार वर्षं मी तुझं ऐकलं ते तुझ्या एका खोट्यावर. त्या चार वर्षांत तू सांगितलास तो प्रत्येक बॉल मी टाकला. आज पुन्हा हातात बॉल दिलास आणि खरं काय ते आधीच सांगितलंस, तरी त्यातला एकही मी वेगळा टाकणार नाही.